आठवीत अल्जिब्रा वनमध्ये बी मिळाला आहे. जिऑमेट्री नववीत घ्यावी की उन्हाळ्यातच उरकावी?

पानगळ

माझी मुलगी अमेरिकेत आठवीत शिकत असून या वर्षी तिला अल्जिब्रा वन (बीजगणिताचा पहिला कोर्स) आहे. हायस्कूलच्या नववीसाठी विषय निवडण्याचा फॉर्म तीन आठवड्यांत भरून द्यायचा आहे आणि गणिताच्या रकान्यापाशी आमचे घर अडून बसले आहे. पहिल्या सत्रात तिला बी (ए च्या खालची श्रेणी) मिळाला, आणि शिक्षकांनी पुढील वर्षासाठी नुसत्या ‘जिऑमेट्री’ची शिफारस केली आहे, जिऑमेट्री ऑनर्सची, म्हणजे त्याच विषयाच्या वरच्या पातळीच्या वर्गाचीही नाही.

आमच्या ओळखीतील तिच्या वयाची बरीच मुले या उन्हाळ्यात जिऑमेट्रीचा सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स करणार आहेत. म्हणजे नववीत थेट अल्जिब्रा टू ऑनर्स, दहावीत प्रीकॅल्क्युलस, अकरावीत एपी (म्हणजे कॉलेजच्या पातळीचा) कॅल्क्युलस बीसी आणि बारावीत मल्टिव्हेरिएबल (एकाहून अधिक चलांचे) कॅल्क्युलस. एका वाढदिवसाच्या कार्यक्रमात ही सगळी शिडी मला कागदी रुमालावर काढून दाखवण्यात आली आणि आत्ता मागे राहिलेली मुले पुढे कधीच वर चढत नाहीत, असेही ऐकवण्यात आले. तो रुमाल मी का कोण जाणे, पण घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि तेव्हापासून अस्वस्थ आहे.

मुलीला जीवशास्त्र आवडते, अलीकडे मानसशास्त्राविषयीही बोलते आणि चित्रे सतत काढत असते. इंजिनीअरिंगचे नाव तिने अजून एकदाही काढलेले नाही. तिच्या बाबांचे म्हणणे असे की आपण दोघांनी मराठी शाळेत बीजगणित आणि भूमितीचे दोन पेपर एकाच वर्षी दिले, मग इथे नुसत्या भूमितीला अख्खे वर्ष कशाला हवे. मलाही या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. उन्हाळ्यात उडी मारावी की शिफारस मान्य करावी, आणि नववीतील ही एक निवड खरोखरच बारावीपर्यंतचे सगळे ठरवून टाकते का, हे अनुभवी लोकांनी सांगावे, ही विनंती.

वर्गमूळ

मी सतरा वर्षे येथील सरकारी हायस्कुलांत गणित शिकवत आहे आणि त्यांतील शेवटची नऊ वर्षे कॅल्क्युलसचे वर्ग माझ्याकडे आहेत, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

आधी त्या रुमालावरची शिडी पाहू. अमेरिकेतील बहुतेक शाळांत नेहमीचा क्रम नववीत अल्जिब्रा वन, दहावीत जिऑमेट्री, अकरावीत अल्जिब्रा टू आणि बारावीत प्रीकॅल्क्युलस किंवा तत्सम काही, असा असतो. तुमची मुलगी आठवीतच अल्जिब्रा वन करते आहे, म्हणजे ती या क्रमाच्या एक वर्ष पुढेच आहे. कोणताही उन्हाळा खर्ची न घालता ती नववीत जिऑमेट्री, दहावीत अल्जिब्रा टू, अकरावीत प्रीकॅल्क्युलस आणि बारावीत कॅल्क्युलस करेल. ते कॅल्क्युलस एबी असेल की बीसी, हे आज ठरवण्याची गरज नाही. एबीमध्ये साधारणपणे कॉलेजच्या पहिल्या सत्राइतके कॅल्क्युलस असते आणि बीसीमध्ये दोन सत्रांइतके. एबीमधले सर्व काही बीसीमध्ये येतेच आणि बीसीच्या निकालपत्रात एबीचा उपगुणही वेगळा दिलेला असतो. काही शाळा प्रीकॅल्क्युलस ऑनर्सनंतर मुलांना थेट बीसीला बसू देतात, तर काही शाळा आधी एबी करायला लावतात. तुमच्या शाळेत यांपैकी काय चालते हे समुपदेशकांना जरूर विचारा, कारण कोर्सच्या माहितीपुस्तिकेत ते बऱ्याचदा धडपणे लिहिलेले नसते. रुमालावरच्या शिडीने तुम्हाला खरोखर जे जास्तीचे मिळणार आहे ते फक्त कॅल्क्युलसच्या पुढचे एक वर्ष, आणि ज्या मुलीने इंजिनीअरिंगचे नावही काढलेले नाही तिच्यासाठी त्या वर्षाची किंमत किती मोजायची, असा हा प्रश्न आहे.

आता किमतीविषयी. कॅल्क्युलसच्या वर्गात मुले कॅल्क्युलसमुळे क्वचितच अडतात. ती अडतात अल्जिब्रामुळे. दर वर्षी शाळा सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच मी फळ्यावर ‘क्ष वर्ग’ या फंक्शनचा चढ व्याख्येवरून काढायला देतो. म्हणजे (क्ष + ह)² मधून क्ष² वजा करायचे, बाकीला ह ने भागायचे आणि मग ह शून्याकडे नेला की काय उरते ते पाहायचे. योग्य उत्तर २क्ष येते. दर वर्षी चार-पाच मुले (क्ष + ह)² म्हणजे क्ष² + ह² असे लिहितात. मग क्ष² जातो, ह² ला ह ने भागल्यावर ह उरतो, ह शून्याकडे नेला की उत्तर शून्य येते. लिमिटची पायरी त्यांनी अगदी बिनचूक केलेली असते. मात्र त्यांच्या उत्तराप्रमाणे पॅराबोलाचा चढ सगळीकडे शून्य, म्हणजे तो टेबलासारखा सपाट आहे, आणि समोर आलेख काढलेला असूनही ते त्यांच्या लक्षात येत नाही. मधले २क्षह हे पद ज्या वर्षी पक्के व्हायला हवे होते, ते वर्ष घाईत गेलेले असते.

म्हणून तुमच्यासाठी निर्णायक गोष्ट बी ही नाही, तो बी कशाचा आहे ही आहे. शाळेच्या पोर्टलवर गृहपाठ आणि चाचण्यांचे गुण वेगवेगळे दिसतात, ते पाहा. गृहपाठ देण्याचे राहून गेल्यामुळे बी आला असेल आणि चाचण्यांत नव्वदीच्या वर गुण असतील, तर ती आळसाची किंवा विसरभोळेपणाची गोष्ट आहे आणि गणिताशी तिचा फारसा संबंध नाही. गृहपाठ पूर्ण आणि चाचण्यांत गुण कमी असतील, तर मात्र समज कच्ची आहे, मग ती कोणत्या धड्यांत कच्ची आहे हे शोधा.

त्यासाठी घरी दोन प्रश्न देऊन पाहा. कॅल्क्युलेटर नको आणि शेजारी बसून सूचनाही नकोत. पहिला: २(क्ष − ३) − ५(क्ष + १) सोपे करून लिही. उत्तर −३क्ष − ११ आहे. −३क्ष − १ आले तर कंसाबाहेरचे ऋण चिन्ह दुसऱ्या पदापर्यंत पोहोचले नाही असे समजा, आणि ही चूक पुढे चार वर्षे सोबत करते. दुसरा: टाकीत २४० गॅलन पाणी आहे आणि दर मिनिटाला ८ गॅलन वाहून जाते, टाकीत ४० गॅलन कधी उरेल? २५ मिनिटे हे उत्तर ती तोंडी काढेल आणि तिथे थांबू नका. समीकरण लिहायला सांगा, त्याचा आलेख काढायला सांगा, त्यातील उणे आठ चित्रात कुठे दिसतो ते विचारा, आणि रेषा आडव्या अक्षाला ३० वर छेदते याचा टाकीच्या दृष्टीने अर्थ काय, हेही विचारा. समीकरण, चित्र आणि पाणी या तिन्हींत ती सहज ये-जा करत असेल तर तिचे अल्जिब्रा वन चांगले झाले आहे, मग पोर्टल काहीही म्हणो.

तिच्या बाबांच्या प्रश्नाचेही उत्तर द्यायला हवे. आपल्याकडे बीजगणित आणि भूमिती दोन्ही दर वर्षी थोडी थोडी पुढे जात, म्हणून दहावीपर्यंत भूमिती तीन-चार वर्षांत मुरलेली असे. इथे पारंपरिक क्रमात भूमिती जवळजवळ सगळी एकाच वर्षात येते, आणि सिद्धता लिहायला शिकण्याची हायस्कूलमधली खरी जागा तेवढीच असते. ‘मला हे दिसते आहे’ आणि ‘हे असलेच पाहिजे’ या दोन्हींत अंतर आहे हे मूल तिथे शिकते. उन्हाळी ऑनलाइन कोर्सची अडचण अशी की त्यांतले बरेच मूल्यमापन यंत्राकडून होते, यंत्राला पर्याय तपासता येतात पण विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेली सिद्धता नीट तपासता येत नाही, त्यामुळे ती गाळलेल्या जागा भरण्यापुरती उरते. सहा आठवड्यांत सूत्रे होतात. युक्तिवाद व्हायला मधे झोपेच्या बऱ्याच रात्री जाव्या लागतात.

समांतर

तुमच्या जागी चार वर्षांपूर्वी मी होतो आणि मी रुमालावरच्या शिडीचे ऐकले.

मुलाने आठवीनंतरच्या उन्हाळ्यात जिऑमेट्री केली, रोज चार तास, सहा आठवडे. गुणपत्रकावर ए आला. नववीत अल्जिब्रा टू ऑनर्स ओढूनताणून निभावले. दहावीत प्रीकॅल्क्युलसमध्ये युनिट सर्कल (एक त्रिज्येचे वर्तुळ, ज्यावरून साइन आणि कोसाइन काढतात) आले आणि तिथे सगळे उघडे पडले. तीस, साठ आणि नव्वद अंशांच्या त्रिकोणाच्या बाजूंची प्रमाणे कुठून येतात हे त्याला ठाऊक नव्हते, कारण समरूप त्रिकोणांचे प्रकरण त्याने त्या उन्हाळ्यात अडीच दिवसांत संपवले होते. मग त्याने साइन आणि कोसाइनचा तक्ता पाठ केला. रेडियन आल्यावर तोच तक्ता पुन्हा पाठ केला, आणि कोन दुसऱ्या चरणात गेला की चिन्ह कोणते घ्यायचे हे अंदाजाने ठरवू लागला. वर्षअखेर सी मिळाला. अकरावीत त्याने प्रीकॅल्क्युलस पुन्हा घेतले आणि बारावीत कॅल्क्युलस एबी. म्हणजे उडी न मारता जिथे पोहोचला असता तिथेच तो पोहोचला. फक्त वाटेत एक सी आणि दर रविवारची शिकवणी पदरी पडली, आणि गणित आवडणारा मुलगा ‘हे माझ्याच्याने होत नाही’ म्हणू लागला. यात त्या कोर्सचा दोष थोडा आणि माझा जास्त, कारण त्याने आवडीने काही मागितलेच नव्हते.

एक व्यवहाराची गोष्ट: उन्हाळी कोर्स करायचाच झाला तर तो आपल्या डिस्ट्रिक्टला (शाळा चालवणाऱ्या स्थानिक मंडळाला) मान्य आहे का, त्याची श्रेणी गुणपत्रकावर येणार की नुसते क्रेडिट, आणि ऑनर्सचे जादा वजन मिळणार का, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी घ्या. आम्ही आधी पैसे भरले आणि नंतर विचारले.

नदीकाठ

वरच्या दोन्ही प्रतिसादांचा आदर राखून वेगळा अनुभव मांडते, नाहीतर पुढे जाणे म्हणजे संकटच, असे वाचणाऱ्यांना वाटेल.

माझी मुलगी आठवीत अल्जिब्राच्या तासाला पुस्तकात कादंबरी लपवून वाचत असे. चाचण्यांत तिचे गुण अठ्ठ्याण्णवच्या खाली येत नसत, आणि एएमसी आठ या गणित स्पर्धेच्या जुन्या प्रश्नपत्रिका, म्हणजे पंचवीस प्रश्न आणि चाळीस मिनिटे, ती स्वतःहून छापून सोडवत असे. अशा मुलाला थांबवून ठेवणे हेही नुकसानच आहे आणि त्याचे कुणी दुःख करत नाही, कारण ते गुणपत्रकावर दिसत नाही.

आम्ही मात्र उन्हाळी कोर्स घेतला नाही. जिऑमेट्री आणि अल्जिब्रा टू या दोन्हींना पूर्वतयारी म्हणून बहुतेक शाळांत अल्जिब्रा वनच लागते, त्यामुळे नववीत तिने दोन्ही एकदम घेतले. दोन्ही विषय वर्षभर, खऱ्या शिक्षकांकडे आणि पूर्ण वेगाने झाले. दहावीत प्रीकॅल्क्युलस ऑनर्स, अकरावीत बीसी आणि बारावीत ड्युअल एन्रोलमेंटमधून, म्हणजे हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचा कोर्स घेऊन, कम्युनिटी कॉलेजात (स्थानिक दोन वर्षांच्या कॉलेजात) मल्टिव्हेरिएबल झाले. घाई न करता पुढे जाण्याचा हा रस्ता आहे आणि त्याविषयी शाळा आपणहून बोलत नाहीत. पण त्याचीही किंमत होती: नववीतला तिचा एक ऐच्छिक विषय गेला. तुमची मुलगी चित्रे काढते असे तुम्ही लिहिले आहे, तेव्हा हा रस्ता घेतल्यास बहुधा कलेचाच तास जाईल. तो तिला चालेल का, हे तिलाच विचारावे लागेल. आणि कम्युनिटी कॉलेजात मिळालेली श्रेणी कॉलेजच्या कायमच्या नोंदीत राहते, हायस्कूल संपले म्हणून ती पुसली जात नाही, हेही अनेकांना उशिरा कळते.

तुमच्या प्रश्नात मला एक गोष्ट दिसली नाही, ती म्हणजे मुलीला काय हवे आहे. माझ्या मुलीने हट्ट धरला होता. तुमच्याकडे हट्ट रुमालाचा दिसतो.

अर्धचंद्र

मी कॅलिफोर्नियात एका सरकारी विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना संख्याशास्त्र आणि कॅल्क्युलस शिकवतो. जीवशास्त्र आणि मानसशास्त्राच्या बाजूने बोलतो.

जीवशास्त्राच्या पदवीला अनेक विद्यापीठांत कॅल्क्युलसची एक-दोन सत्रे लागतात, तेव्हा ‘डॉक्टर व्हायचे आहे, गणित कशाला’ हे खरे नाही. मानसशास्त्राला संख्याशास्त्र जवळजवळ सर्वत्र सक्तीचे असते, आणि माझ्या वर्गात गोंधळणाऱ्यांत कॅल्क्युलस करून आलेली मुलेही असतात, कारण यदृच्छ नमुना कशासाठी घ्यायचा आणि दोन गटांतील फरक योगायोगाने पडला असण्याची शक्यता किती, अशा प्रकारचा विचार कॅल्क्युलसमध्ये कधी करावाच लागत नाही. एपी स्टॅटिस्टिक्सला अल्जिब्रा टू पुरते. अकरावीत किंवा बारावीत ते मुख्य गणिताच्या जोडीने घेता आले तर तुमच्या मुलीसाठी ते मल्टिव्हेरिएबलपेक्षा कितीतरी जास्त कामाचे ठरेल. जोडीने म्हणालो, ऐवजी नव्हे. अल्जिब्रा टू वगळून स्टॅटिस्टिक्स किंवा डेटा सायन्सकडे वळण्याचा सल्ला कुणी दिला तर सावध राहा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्राध्यापकांच्या प्रवेशविषयक समितीने २०२३ मध्ये हेच स्पष्ट केले की हायस्कूलमधले प्रास्ताविक डेटा सायन्सचे कोर्स अल्जिब्रा टूची जागा घेऊ शकत नाहीत. त्याआधी काही वर्षे बऱ्याच शाळांत तसा समज पसरला होता. या विद्यापीठाला प्रवेशासाठी किमान तीन वर्षांचे गणित लागते, भूमिती त्यात यावीच लागते आणि चार वर्षे असावीत अशी त्याची शिफारस आहे.

प्रवेशाच्या भीतीविषयीही थोडे सांगतो. या देशातील जवळजवळ निम्म्या हायस्कुलांत कॅल्क्युलस शिकवलेच जात नाही. विद्यापीठांना हे माहीत असते, आणि अर्जासोबत शाळा आपली माहिती पाठवते ती याचसाठी, की विद्यार्थ्याने उपलब्ध असलेल्यांतून काय निवडले ते दिसावे. कॅलटेकसारख्या, विज्ञानाखेरीज फारसे काही न करणाऱ्या संस्थेनेही हायस्कूलमधल्या कॅल्क्युलसची सक्तीची अट २०२३ मध्ये शिथिल करून, ते ज्यांच्या शाळेत नाही त्यांना दुसऱ्या मार्गाने तयारी दाखवण्याची मुभा दिली. तुमच्या मुलीच्या शाळेत कॅल्क्युलस आहे आणि ती बारावीत ते करणार आहे, तेव्हा तिचा अर्ज गणिताच्या बाजूने मुळीच लंगडा दिसणार नाही. कॉलेज प्रवेशाच्या सॅट परीक्षेचे म्हणाल तर आजच्या डिजिटल परीक्षेत गणिताचे ४४ प्रश्न असतात. त्यांतील सुमारे ३५ टक्के अल्जिब्रा, तितकेच प्रगत अल्जिब्रा आणि फंक्शन्स, आणि भूमिती व त्रिकोणमिती मिळून साधारण १५ टक्के. कॅल्क्युलसचा एकही प्रश्न नसतो.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती अकरावीत गणित ‘संपवून’ बारावीत काहीच न घेणाऱ्या मुलांची. शाळेत पुढचा कोर्स नसतो, कम्युनिटी कॉलेजची वेळ जुळत नाही, आणि मग पंधरा महिने गणिताला हात न लावता ही मुले माझ्यासमोर येऊन बसतात. त्यांच्या गुणपत्रकावर बीसी असते आणि अपूर्णांकांचा भागाकार करताना हात थांबतो.

पानगळ

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे पोर्टल उघडून पाहिले. गृहपाठाला वीस टक्के वजन आहे आणि त्यात तिला ९८ आहेत. चाचण्यांना ऐंशी टक्के आणि त्यांत सरासरी ८१. दोन्ही मिळून ८४.४, म्हणजे बी. गृहपाठामुळे बी आला असेल अशी माझी आशा होती, ती अशी मावळली. रेषीय समीकरणांच्या चाचण्या नव्वदीत आहेत, अवयव पाडण्याच्या चाचणीत मात्र ६८ आणि वर्गसमीकरणांच्या पहिल्या छोट्या चाचणीत ७१. वर्गमूळ यांनी दिलेला टाकीचा प्रश्न तिने सुरेख केला. आलेखाखाली रिकाम्या टाकीचे चित्रही काढले आणि तीस मिनिटांच्या पुढे रेषा अक्षाखाली जाईल, पण टाकीत उणे पाणी नसते म्हणून ती तिथेच थांबवायला हवी, असे न विचारता सांगितले. कंसाच्या प्रश्नात मात्र −३क्ष − १ लिहिले.

अभ्यासाची तिची पद्धत जवळून पाहिली तेव्हा असे दिसले की गृहपाठ करताना सोडवलेले उदाहरण शेजारी उघडे असते आणि ती पायरीला पायरी जुळवत जाते. त्यामुळे ९८ कुठून येतात आणि ८१ कुठून, हे माझ्या ध्यानात आले.

उन्हाळ्यातल्या उडीविषयी तिला विचारले. ती म्हणाली, “मैत्रिणी करताहेत म्हणून मला वाटत होते की मीही करायला हवी, पण मला नको आहे.” आता दोन प्रश्न उरले आहेत. जिऑमेट्री ऑनर्ससाठी पालकांना वेव्हर भरून शिफारस ओलांडता येते असे समजले, तर ते भरावे का? आणि शाळेच्या यादीत पुढे प्रीकॅल्क्युलस ऑनर्स आणि एपी प्रीकॅल्क्युलस अशी दोन्ही नावे आहेत, त्यांत फरक काय?

वर्गमूळ

उणे पाण्यापाशी रेषा थांबवणारी मुलगी गणितात कच्ची नाही, तिचे हात कच्चे आहेत आणि हात सरावाने सुधारतात. गृहपाठाची पद्धत आजच बदला: सोडवलेले उदाहरण वाचायचे, वही मिटायची, कोऱ्या कागदावर तेच उदाहरण पुन्हा करायचे, आणि अडल्यावरच उघडून पाहायचे. उन्हाळ्यात कोर्स नको, पण अवयव पाडणे, कंस सोडवणे आणि वर्गसमीकरणे यांची रोज वीस मिनिटांची उजळणी आठवड्यातून चार दिवस होऊ द्या. जिऑमेट्रीच्या वर्षात अल्जिब्रा बऱ्यापैकी बाजूला पडते आणि दहावीत अल्जिब्रा टू सुरू होताना शिक्षकांनी ते ताजे आहे असे धरलेले असते. त्या पंधरा महिन्यांच्या खड्ड्यात बी मिळालेली मुले जास्त पडतात.

वेव्हर भरण्यापूर्वी तिच्या शिक्षकांना मेल लिहा. ‘ऑनर्स का नाही’ असे विचारू नका, त्याला बचावाचे उत्तर येते. ‘वर्षअखेरपर्यंत कोणत्या धड्यांत किती सुधारणा दिसली तर तुम्ही स्वतः ऑनर्सची शिफारस कराल’ असे विचारा. बहुतेक शिक्षक याचे नेमके उत्तर देतात. माझे स्वतःचे मत असे की जिऑमेट्रीत ऑनर्स आणि साधा यांतला फरक प्रामुख्याने सिद्धतांचा असतो, आणि तुम्ही वर्णन केलेली मुलगी त्यात अल्जिब्रापेक्षा जास्त रमेल. चित्रे काढणाऱ्या मुलांचे असे होताना मी अनेकदा पाहिले आहे. मात्र वेव्हरवर घेतलेला कोर्स न झेपल्यास कोणत्या तारखेपर्यंत खाली उतरता येते आणि त्यानंतर उतरल्यास गुणपत्रकावर डब्ल्यू (कोर्स सोडल्याची नोंद) येतो का, हे सही करण्यापूर्वी विचारून घ्या.

एपी प्रीकॅल्क्युलस हे एपी परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाने २०२३-२४ पासून सुरू केले. त्यात चार विभाग आहेत. बहुपदी आणि परिमेय फंक्शन्स, घातांकी आणि लॉगरिदमची फंक्शन्स, तसेच त्रिकोणमिती आणि पोलर हे तीन मे महिन्यातल्या परीक्षेला येतात. प्राचले, सदिश आणि मॅट्रिसेस यांचा चौथा विभाग परीक्षेत नसतो आणि तो शिकवायचा की नाही हे शाळा ठरवते. पुढे बीसी करायचे असेल तर प्राचले आणि सदिश तिथे लागतात, म्हणून चौथा विभाग होतो का एवढे विचारा. बाकी नावावर जाऊ नका, दोन्ही वर्गांचे शिक्षक कोण आहेत ते पाहा. पण हा प्रश्न तुमच्यापुढे अडीच वर्षांनी येणार आहे.

पानगळ

शिक्षकांचे उत्तर आले. वर्गसमीकरणांच्या मुख्य चाचणीत ८५ आणि अंतिम परीक्षेत तेवढेच मिळाले तर ते शिफारस स्वतः बदलतील, आणि तसे बदलण्यासाठी शाळेत जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मुदत असते असेही त्यांनी कळवले. ही मुदत आम्हाला कोणीच सांगितली नव्हती. फॉर्मवर सध्या ‘जिऑमेट्री’ लिहून दिले आहे आणि ऐच्छिक विषयात तिने कला निवडली आहे. काल संध्याकाळी तिने कंसाची दहा उदाहरणे वही मिटून केली, त्यांतील तीन चुकली, आणि तिन्हींत ऋण चिन्ह कुठे हरवले ते तिने स्वतःच लाल पेनाने शोधून काढले. तो कागदी रुमाल मी तिला दाखवला तेव्हा तिने तो उलटा करून मागच्या बाजूला कंसाची दोन उदाहरणे करून पाहिली, त्यामुळे आता तो जपून ठेवायला निमित्त उरले आहे.